मियाटा शर्यतीत उतरवणाऱ्यांच्या बाजूने

माझदा एमएक्स-5 ची पहिली पिढी 1989 ते 1997 या काळात बनली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोन माणसांची, कापडी टपाची, मागच्या चाकांवर चालणारी ही छोटी गाडी आता पस्तिशी ओलांडून गेली आहे. जुन्या गाड्यांच्या जगात नेहमी होतं तेच तिच्याबाबतीतही सुरू झालं आहे. जे मालक तिला शर्यतीच्या ट्रॅकवर पळवतात त्यांना सुनावलं जातं, की तुम्ही एक वारसा संपवत आहात. आतल्या सीट, गालिचे, दारांचे पॅनेल उपटून टाकता, पोलादी रोल केज वेल्ड करता, वळणावर एकमेकांना घासता. अशी प्रत्येक गाडी म्हणजे जगातल्या मूळ गाड्यांमधली एक कायमची कमी झाली. आता या गाड्या क्लासिक झाल्या आहेत, त्यांना झाकून ठेवा, प्रदर्शनापुरत्या बाहेर काढा.

हे बोलणाऱ्यांना गाड्यांची काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही त्यांचं म्हणणं मला मुळापासून चुकीचं वाटतं. ते मान्य झालं तर नुकसान या गाडीचंच होईल.

आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या टेम्पो आणि मिनीबसमुळे माहीत आहे. ही स्पोर्ट्स कार भारतात कंपनीने कधी विकली नाही, म्हणून थोडी ओळख. सुरुवातीचं इंजिन 1.6 लिटरचं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या गाडीची ताकद 116 हॉर्सपॉवर, वजन हजार किलोंच्या आत. बॉनेटमधून वर उघडणारे दोन दिवे. यातलं काहीही कागदावर वाचून कुणाची छाती धडधडणार नाही. इंजिन त्याच कंपनीच्या साध्या कौटुंबिक 323 गाडीच्या घराण्यातलं होतं. 1989 सालीही यापेक्षा ताकदवान गाड्या ढिगाने होत्या.

मग या गाडीत जपण्यासारखं आहे काय? शर्यतींना विरोध करणारे हा प्रश्न स्वतःला विचारत नाहीत, असा माझा आक्षेप आहे. या गाडीच्या विकासाचे प्रमुख तोशिहिको हिराई आणि त्यांच्या चमूने जे घडवलं ते कुठल्या एका भागात दाखवता येत नाही. त्यांनी इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलं. बॅटरी डिकीत नेली. दोन माणसं बसल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं वजन येईल अशी मांडणी केली. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन दिलं, जे त्या किमतीच्या गाडीत अपेक्षित नव्हतं. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शिअल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट बसवली, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडताच मधल्या सांगाड्याला पीळ न बसता धक्का थेट चाकांना पोचतो. गिअरची दांडी मनगटाच्या छोट्या हालचालीत पडते. या सगळ्यांचं आपसातलं नातं ही खरी निर्मिती आहे, आणि ते नातं गाडी हलल्याशिवाय अस्तित्वात येत नाही. काचेआड उभी केलेली मियाटा ही एक गोड दिसणारी छोटी गाडी आहे, बस. पाहणाऱ्याला तिच्यातलं सर्वांत सामान्य तेवढं दिसतं. जे असामान्य आहे ते बंद असतं.

ज्याला ते अस्पर्श मूळ रूप म्हणतात, त्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. सस्पेन्शनच्या प्रत्येक सांध्यात रबरी बुश असतात. रबर काही वर्षांनी कडक होतं, चिरतं. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं सील गळतं. अजिबात न उघडलेली, अगदी कमी किलोमीटर झालेली 1990 सालची गाडी आज रस्त्यावर आणली, तर ती 1990 सालासारखी चालत नाही. रंग मूळ असतो, सीटचं कापड मूळ असतं, पण हिराईंच्या माणसांनी महिनोन्‌महिने जुळवलेली चाल त्या गाडीतून कधीच निघून गेलेली असते. शर्यतीच्या गाडीची स्प्रिंग कडक असते, तीही मूळ चाल नव्हे, हे मला मान्य आहे. पण तिचं स्टिअरिंग बोलतं, तिचे सांधे घट्ट असतात, वळणावर वजन कसं सरकतं ते ती आजही दाखवते. गाडीच्या आत्म्याच्या जास्त जवळ कोण, असं विचाराल तर माझं उत्तर ट्रॅककडे बोट दाखवून असेल.

आता या गाडीच्या जन्माकडे वळतो. मला तिथे या वादाचा निकालच लागलेला दिसतो. 1979 साली बॉब हॉल या अमेरिकी मोटर-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सांगितलं, की ब्रिटिश रोडस्टरसारखी हलकी, उघडी, परवडणारी गाडी आता कुणी बनवत नाही, तुम्ही बनवा. यामामोतो हे रोटरी इंजिन यशस्वी करून दाखवणारे अभियंते, पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. नुसत्या बोलण्याने असा माणूस हलत नाही. पुढे त्यांच्या हातात ट्रायम्फ स्पिटफायर ही अशीच एक ब्रिटिश रोडस्टर देण्यात आली आणि हाकोनेच्या डोंगरातल्या रस्त्यांवर त्यांनी ती स्वतः चालवली. टप उघडा, वारा, इंजिनाचा आवाज, वळणामागून वळण. हॉल काय म्हणत होता ते त्यांना त्या रस्त्यावर उमगलं.

ती स्पिटफायर कुणीतरी चालू ठेवली होती. तिच्या ब्रेकची, कार्ब्युरेटरची, टायरची कुणीतरी निगा राखली होती. ती दोरीमागे उभी असती, तर यामामोतोंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली असती आणि ते पुढच्या बैठकीला गेले असते. लोटसची एलान, 1962 साली आलेली आणि या प्रकल्पातल्या माणसांच्या मनात घर करून बसलेली, तिचंही तेच. एलानची थोरवी ज्यांनी ती चालवली त्यांच्याकडून पुढच्या पिढीला कळली. 1985 मध्ये इंग्लंडात बांधून घेतलेला पहिला चालता नमुना माझदाच्या लोकांनी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा शहराच्या भर रस्त्यांत फिरवला. लोक वळून बघू लागले, पाठलाग करून विचारू लागले. त्या प्रतिसादाने प्रकल्पाला बळ मिळालं. म्हणजे कल्पना सुचण्यापासून मंजुरीपर्यंत प्रत्येक निर्णायक टप्प्यावर एक चालती गाडी होती. आज जे लोक मियाटांना झाकून ठेवायला सांगतात, ते उद्याच्या एखाद्या यामामोतोच्या हातातली किल्ली काढून घेत आहेत.

उभं राहण्याने गाडी टिकते, हा समजही तपासून पाहायला हवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ती ओल आतून कॅलिपरला गंज चढवते आणि पिस्टन अडकतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. टायर एकाच जागी दबून तिथे चपटे होतात. हायड्रॉलिक टॅपेटमधलं तेल उतरतं आणि इंजिन सुरू केल्यावर टकटक आवाज येत राहतो. ताजं तेल आणि दमदार चालवणं यानेच तो बहुधा जातो. या गाडीचा खास शत्रू तर दिसतही नाही. कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या दोन कोपऱ्यांतून नळीवाटे खाली जातं. त्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरचा रंग चकाकत असतो आणि आत गंजाने जाळी केलेली असते. नुसतं चालवल्याने नळी साफ होते असं मी म्हणत नाही. पण जो मालक शर्यतीआधी गाडी जॅकवर घेतो, खाली झोपून टॉर्चने प्रत्येक सांधा बघतो, त्याच्या नजरेतून ते पाणी सुटत नाही. झाकणाखालच्या गाडीकडे अशी नजर जात नाही.

ट्रॅकवरच्या माणसांनी या गाडीबद्दल जे शोधून काढलं त्याचं मोल तर कुणी मोजतच नाही. एक उदाहरण थोडं सविस्तर सांगतो. 323 मध्ये हे इंजिन आडवं बसायचं. पाणी एका टोकाने इंजिनात शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, त्यामुळे चारही सिलिंडर थंड राहत. मियाटात इंजिन उभं, म्हणजे लांबी पुढून मागे, बसवताना पाण्याची बाहेर पडायची वाट पुढच्या टोकाला आणली गेली. पाणी पुढूनच शिरतं आणि पुढूनच निघतं. मागच्या, चौथ्या सिलिंडरकडे प्रवाह कमी पडतो. रोजच्या वापरात हे कळतही नाही. ताकद वाढवून उन्हाळ्यात ट्रॅकवर सलग फेऱ्या मारल्या की कळतं. मग मालकांनीच पाण्याची वाट पुन्हा मागच्या टोकाकडे नेण्याची युक्ती बसवली, तिचे तयार संच निघाले, आणि आता ती या गाडीच्या सामान्य ज्ञानाचा भाग आहे. पुढच्या चाकांचे हब शर्यतीच्या ताणाखाली निकामी होतात, हेही ट्रॅकनेच शिकवलं. मग त्यांच्या जागी अधिक मजबूत हब बनवले गेले. हे ज्ञान संग्रहालयात तयार झालं नसतं. आज ज्याची गाडी नुसती रविवारी कॉफी प्यायला जाते, त्यालाही सुटे भाग मिळतात आणि ते बसवणारा जाणता मेकॅनिक मिळतो, तो ट्रॅकवाल्यांच्या झिजेवर. मागणी झिजेतून येते. झीज थांबली की भाग बनवणारा दुसऱ्या गाडीकडे वळतो.

ब्रिटनमध्ये हे आधी घडून गेलं आहे. एमजीबी ही तिथली स्पोर्ट्स कार 1980 साली बंद पडली. तिच्या मालकांनी तिला वापरणं सोडलं नाही, शर्यती सोडल्या नाहीत. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळ साच्यांवर एमजीबीचे कोरे पत्र्याचे सांगाडे पुन्हा बनवायला घेतले. गाडीचं उत्पादन थांबल्यावर आठ वर्षांनी नवा सांगाडा! माझदानेही जपानमध्ये पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 साठी जीर्णोद्धाराची सेवा सुरू केली आणि सुरुवातीच्या गाड्यांवर असायचे ते ब्रिजस्टोन टायरसुद्धा त्याच मापात, त्याच नक्षीत पुन्हा बनवून घेतले. टायर ही झिजण्यासाठीची वस्तू आहे. खुद्द कंपनीला ही गाडी रस्त्यावर हवी आहे, हे त्यातून सरळ दिसतं.

दुसरा एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त लागतो. आजची कुठलीही बरी हॅचबॅक या गाडीला सरळ रस्त्यावर मागे टाकेल, मग ही म्हातारी ट्रॅकवर कशाला? हे बोलणाऱ्याने शर्यत म्हणजे वेगाचा आकडा असं धरलं आहे.

अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या 1944 सालच्या संस्थेच्या स्पर्धांमध्ये स्पेक मियाटा हा वर्ग आहे. त्यात पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्या उतरतात. सगळ्यांना सारखंच ठरवून दिलेलं सस्पेन्शन, सारखेच टायर. इंजिन 1.6 चं की 1.8 चं, कुठल्या वर्षाचं, त्यानुसार कुणाला जादा वजन लादायचं, कुणाच्या इंजिनात शिरणारी हवा आवळायची, हे नियमात ठरलेलं. गाड्यांमधला फरक जवळपास पुसला जातो आणि उरतो तो चालवणारा. मग दहा-दहा गाड्या एका माळेत वळणात शिरतात आणि पुढच्याने ब्रेक क्षणभर लवकर दाबला की मागचा आत घुसतो. यापेक्षा कैकपट महागड्या गाड्यांच्या शर्यतीत इतकी निकराची झुंज क्वचितच दिसते.

कमी ताकद ही इथे शिक्षक आहे. पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीत वळण चुकलं तरी पुढच्या सरळ पट्ट्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून ते झाकता येतं. 116 हॉर्सपॉवरमध्ये वळणात गमावलेला वेग परत मिळवायला अख्खा पट्टा जातो, आणि तोवर मागचा पुढे गेलेला असतो. म्हणून इथे वेग राखायला शिकावं लागतं. वळणाआधी ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरांची पकड वाढते. ब्रेक एकदम सोडला तर ते वजन मागे परततं आणि पुढची चाकं घसरून गाडी रुंद जाते. तोच ब्रेक स्टिअरिंग वळवता वळवता हळूहळू सोडला तर नाक आतल्या कडेकडे ओढलं जातं. वळणाच्या मध्यात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर येऊ लागतं. गाडी हे सगळं आधी कळवते, सीटमधून, स्टिअरिंगमधून, टायरच्या बदलत्या आवाजातून. मधे पडून सावरून घेणारा संगणक नाही. आजच्या गाडीत तो असतो आणि रस्त्यावर तो असायलाच हवा, जीव वाचवतो. पण त्याच्यामुळे चालवणाऱ्याला आपली चूक कळतच नाही. ही विद्या शिकवणाऱ्या नव्या गाड्या दर वर्षी कमी होत आहेत. ज्या जुन्या गाडीत ती शिल्लक आहे तिला कुलूप घालणं म्हणजे विद्येला कुलूप घालणं.

जपानमध्ये 1989 पासून, म्हणजे गाडी आली त्याच वर्षापासून, त्सुकुबा सर्किटवर मोटर-पत्रकारांच्या संघांची याच गाडीतली चार तासांची शर्यत होते. जे या गाडीबद्दल लिहितात त्यांनी ती शर्यतीत चालवायची, हा प्रघात मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडेही गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी असं काही करावं.

धोक्याबद्दल. शर्यतीत माणसं मरतात, जखमी होतात, हे मी लपवणार नाही. म्हणूनच रोल केज, सहा पट्ट्यांचा बेल्ट, मानेचा आधार, अग्निशामक आणि शर्यतीपूर्वीची तपासणी असते. गालिचे उपटले म्हणून ज्या मालकाला नावं ठेवली जातात, त्याच्या गाडीत तोच पोलादी पिंजरा त्याचा जीव राखतो. आणि पळवायची ती ट्रॅकवरच. घाटात, सार्वजनिक रस्त्यावर कुणाशी शर्यत लावणारा माणूस माझ्या बाजूचा नाही, त्याची गाडी कितीही जुनी आणि सुंदर असो.

हा श्रीमंतांचा छंद आहे, असंही म्हणतात. इतर गाड्यांबाबत ते खरं असेल. ही गाडी मात्र शाळेतले शिक्षक, फिटर, नोकरदार अशांना परवडली म्हणूनच तिच्या शर्यतींचे तांडे एवढे मोठे झाले. आता जपणाऱ्यांच्या मागणीने किमती चढत आहेत आणि हीच माणसं बाहेर ढकलली जात आहेत. श्रीमंतांचा छंद तिला कोण बनवतंय, ते यातून दिसतं.

संख्येचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यातल्या काही, खरोखर अस्पर्श असलेल्या, पुराव्यादाखल तशाच ठेवायला माझी हरकत नाही; नवा रंग कसा होता, शिवण कशी होती, हे पुढच्यांना कळायला त्या हव्यात. त्यासाठी थोड्या गाड्या पुरतात. बाकीच्या लाखोंवर तोच नियम लादायला आधार नाही. दुर्मीळतेचंच म्हणाल तर फेरारी 250 जीटीओ बघा. 1962 ते 1964 मध्ये अवघ्या 36 बनल्या. 2018 साली एका लिलावात त्यातल्या एकीला 4 कोटी 84 लाख डॉलर मिळाले. तरी पिंक फ्लॉइडचा ड्रमवादक निक मेसन याने 1970 च्या दशकात घेतलेली जीटीओ वर्षानुवर्षं शर्यतींत उतरवली. इंग्लंडच्या गुडवूडला 1966 साली बंद पडलेला ट्रॅक 1998 साली पुन्हा उघडला तो अशा गाड्या तिथे उभ्या करण्यासाठी नव्हे, धावण्यासाठी. 36 पैकी एक असलेली गाडी ट्रॅकवर जाऊ शकते, तर चार लाखांपैकी एकीला अडवणाऱ्यांकडे काय युक्तिवाद उरतो?

झाकून ठेवण्याचा विचार आपल्या कायद्यातही आला आहे. 2021 साली केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' ही वेगळी नोंदणी मालिका आणली. नोंदणीची सोय झाली, हे चांगलंच. पण अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला मनाई. सणावाराला बाहेर काढायची वस्तू, अशी ही व्याख्या आहे. मुंबई-पुण्यात जुन्या गाड्या प्रेमाने चालत्या ठेवणारी घराणी आहेत, आणि त्यांनी या मर्यादेबद्दल मोठ्याने बोलायला हवं, असं मला वाटतं.

गुंतवणूक म्हणून कमी किलोमीटरची मियाटा घेऊन ठेवणाऱ्याला मी अडवणार नाही. वस्तू त्याची आहे. त्याने ट्रॅकवाल्याला वारशाचे धडे देऊ नयेत, एवढंच. माझं खरं बोलणं मधल्या मालकांशी आहे. गाडी आवडते, ट्रॅकवर न्यावीशी वाटते, पण चार लोकांचं ऐकून जे कचरतात, त्यांच्याशी. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांचे झाले असतील तर नक्षी कितीही खोल असो, ते बदला. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचे पाइप कधी बदलले याची नोंद नसेल तर बदललेच नाहीत असं धरा. ब्रेक ऑइल ताजं भरा. सीटमागच्या त्या दोन नळ्यांत पाणी ओतून ते खाली पडतंय का बघा. मग एखाद्या क्लबच्या ट्रॅक-डेला नाव द्या. पहिल्या दिवशी कुणाच्या मागे लागू नका. शेजारच्या सीटवर शिकवणाऱ्याला बसवा आणि एकच वळण निवडून ब्रेक कुठे सोडायचा तेवढं दिवसभर शिका.